उचल, इजा आणि आत्महत्येची नोंद : बीडच्या ऊसतोडीचा इतिहास

#थ्रेड

१/ शेतकरी आत्महत्यांच्या आकडेवारीत बीडचे नाव वारंवार येते. याच जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडीला जातात. त्यांच्यापैकी कुणी जीवन संपवले, तर त्यामागचे काम सरकारी कागदावर उमटते का?

२/ १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे कारखाने वाढले, तोडणीला माणसे हवी होती. बालाघाटच्या कोरडवाहू गावांतून ती मिळाली. १९७२ च्या दुष्काळाने हे स्थलांतर अधिकच वाढवले.

३/ हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर, खाडा झाला की दंड. हात कापला वा पाठ धरली, तर तोड थांबते, उचल मात्र तशीच राहते. न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. इजेचे असे कर्ज होते.

४/ कामावरील अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने आणले. परंतु ऊसतोडीत मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने श्रमाला जखडणारे कर्ज रद्द ठरवले. उचल मात्र व्यवहारात टिकून राहिली.

५/ २००५ च्या शासन निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत ठरवली. अट अशी, की कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे असावे. मुकादमाची उचल या चौकटीत बसत नाही.

६/ राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१४ च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजले. पण सहा महिने स्वतःच्या दोन एकरांत आणि सहा महिने फडात राबणाऱ्याला रकाना एकच मिळतो.

७/ तुलनेसाठी जपान पाहा. अतिश्रमाने खचलेल्या एका तरुण कर्मचाऱ्याच्या आत्महत्येस त्याची कंपनी जबाबदार असल्याचे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मान्य केले. तेथे मालक निश्चित होता, कामाचे तास सिद्ध करता आले. फडात हजेरीपत्रकच नसते.

८/ आत्महत्येमागे कारण क्वचितच एक असते. उचलीला एकटीला दोषी ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु जे कर्ज आणि जी इजा नोंदवलीच जात नाही, तिची चौकशीही होत नाही. म्हणून ‘पात्र’-‘अपात्र’ची यादी वाचताना आधी तिचे निकष वाचावेत.

९/ स्वतःला वा जवळच्या कुणाला असह्य होत असेल, तर टेली-मानस : १४४१६. सेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येते.