अस्थिक्षयदर्शक मूत्रपरीक्षा

हाडांतील कोलॅजन या प्रथिनाचे विघटन होताना सुटणारे व वृक्कांवाटे मूत्रात उतरणारे अवशेष मोजून हाडांच्या झिजेचा वेग अजमावण्याची पद्धती. जुने हाड विरघळविणाऱ्या व नवे घडविणाऱ्या कोशिकांचे काम शरीरात आयुष्यभर चालते. रजोनिवृत्तीनंतर ईस्ट्रोजेन घटले की या व्यवहारात खर्च जमेहून वाढतो आणि कालांतराने अस्थिसुषिरता, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, उद्भवते. डेक्सा यंत्राने हाडांची घनता मोजल्यास शिल्लक कळते, मूत्रपरीक्षेने चालू खर्च कळतो. म्हणूनच रोगनिदानाचा भार या परीक्षेवर टाकणे सयुक्तिक नव्हे.

प्रारंभी मूत्रातील हायड्रॉक्सिप्रोलीन मोजीत. परंतु ते बहुतांशी यकृतातच नष्ट होते, शिवाय आदल्या रात्री खाल्लेल्या पायाच्या रश्शानेही त्याचा आकडा फुगतो, त्यामुळे ती परीक्षा मागे पडली. परिपक्व कोलॅजनाचे तंतू परस्परांस जखडणारी पिरिडिनोलीन व डीऑक्सिपिरिडिनोलीन ही द्रव्ये आहाराच्या या दोषापासून मुक्त आहेत. त्यापुढील पायरी म्हणजे सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड एअर यांच्या संशोधनातून सिद्ध झालेली, कोलॅजनाच्या एन-टोकाचा जोडबंधासह सुटणारा तुकडा मोजणारी एनटीएक्स चाचणी होय.

झीज रात्री व पहाटे अधिक आणि दुपारनंतर कमी होत असल्याने नमुन्याची वेळ सांभाळणे अगत्याचे असते. सामान्यतः सकाळची दुसरी लघवी घेतात, आणि पुढील प्रत्येक खेपेस तीच वेळ पाळतात. रुग्णाने किती पाणी प्यायले यावर मूत्राची दाटी अवलंबून असल्यामुळे आलेला आकडा क्रिएटिनिनाच्या प्रमाणात मांडावा लागतो. पण क्रिएटिनीन स्नायूंतून येते, त्यामुळे कृश वृद्धेच्या बाबतीत गुणोत्तर वाजवीपेक्षा चढे दिसण्याचा संभव राहतो. अलीकडे हाड मोडले असल्यास कित्येक महिने मोजमाप वाढलेलेच राहते.

या परीक्षेचे खरे मोल उपचारांच्या देखरेखीत आहे. अ‍ॅलेंड्रोनेटसारखे, १९९५ साली अमेरिकेत अस्थिसुषिरतेसाठी मान्य झालेले औषध नियमित घेतल्यास एनटीएक्सचे प्रमाण सुमारे ३ महिन्यांत बहुधा निम्म्यावर येते, तर घनतेतील फरक डेक्सावर निःसंशय दिसण्यास १ ते २ वर्षे लागतात. एकाच व्यक्तीचे आकडे दिवसागणिक बरेच हलत असल्याने किरकोळ घट हिशेबात धरीत नाहीत. घट मुळीच न दिसल्यास औषध बदलण्यापूर्वी ते खरोखर, आणि उपाशीपोटी, घेतले जाते की नाही याची चौकशी वैद्याने करावी. चहाबरोबर गिळलेली गोळी जवळजवळ वायाच जाते. २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळांनी रक्तातील सीटीएक्स (कोलॅजनाच्या विघटनाचा अवशेष) व पी१एनपी (कोलॅजनाच्या निर्मितीत सुटणारा अंश) हे संदर्भ-दर्शक म्हणून सुचविल्यापासून मूत्रपरीक्षेचा प्रघात ओसरला आहे.