वीज आली त्या संध्याकाळी

शनिवार, 3 ऑगस्ट 2019, रात्री 9.20. उरले 21 तास 50 मिनिटं

खडवलीत वीज गेली. पाऊस दुपारपासून हटायला तयार नव्हता, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. घरातल्यांना पंखा थांबल्याचं जाणवलं. मला जाणवलं ते माशांच्या टाकीतल्या पाण्याचा आवाज थांबल्याचं.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण 190 लिटर. खडवलीची नदी भातसा, तिचं पाणी गोडं. बोअरचं पाणी जड. म्हणून आरओचं पाणी साठवून त्यात लिटरमागे 35 ग्रॅम या हिशेबाने मीठ विरघळवलं होतं. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे. यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम समुद्रातल्या प्रमाणात असतात. स्वप्न प्रवाळाचं होतं. पण खडक बांधणारं प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. ते घरात आणणं गुन्हा आहे आणि तो गुन्हाच असायला हवा. मालवणच्या पाण्यात जे वाढतं ते तिथेच राहू दे. माझा खडक सिरॅमिकचा, आणि मासे तीन: दोन क्लाऊनफिश, ज्यांना मुलगा निमो म्हणायचा, आणि एक निळा डॅमसेल.

रात्री 10.00. उरले 21 तास 10 मिनिटं

मेणबत्तीच्या उजेडात कालनिर्णय पाहिलं. टाकी भरली 4 जुलैला, त्या चौकटीत पेन्सिलने 1 लिहिला होता. आजच्या चौकटीत 31.

हे आकडे कशासाठी ते सांगायला हवं. नव्या टाकीत पाणी असतं, मीठ असतं, पण घाण निस्तरणारं कुणी नसतं. माशाच्या अंगातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया निघतो आणि तो माशाचे कल्ले जाळतो. समुद्रात हे काम जिवाणू करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. या जिवाणूंची वस्ती उभी राहायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. टाकीवाले याला सायकल करणं म्हणतात. दुकानदार म्हणाला होता, "दहा-बारा दिवसांत सोडा मासे, काही होत नाही." मी ऐकलं नाही. बाजारातली एक सोललेली कोलंबी पाण्यात टाकली आणि ती कुजू दिली, जिवाणूंना खाणं मिळावं म्हणून. आषाढी एकादशीच्या सुमारास अमोनिया वर चढला, मग नायट्राइट, आणि 26व्या दिवशी दोन्ही शून्यावर आले. 27व्या दिवशी मासे सोडले. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं, हे आजही म्हणेन.

मध्यरात्र. उरले 19 तास 10 मिनिटं

पाण्याला हलवणारं काही नसलं की वरून प्राणवायू विरघळण्याचा वेग मंदावतो. त्यातून खारं पाणी मुळातच कंजूष. 26 अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे आठेक मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास.

आई जागीच होती. चार दिवसांपूर्वी दीप अमावास्येला घासलेली समई तिने टाकीशेजारी आणून ठेवली. मी मगने पाणी उचलून उंचावरून सोडत होतो. ती थोडा वेळ बघत राहिली, मग आत गेली आणि ताकाची रवी घेऊन आली. "घे. साबण लावलेला नाही, नुसती पाण्याने धुतलीय."

लाकडी रवी, दांड्याला वर्षानुवर्षांच्या लोण्याची तकाकी. गरम पाण्याने पुन्हा धुतली, पुसली आणि टाकीच्या कोपऱ्यात उभी धरून दोन्ही तळव्यांत फिरवायला लागलो. समईच्या उजेडात बुडबुड्यांची एक दोरी तळापर्यंत उतरली आणि पसरत वर आली. दर पंधरा मिनिटांनी पाच मिनिटं, असं ठरवलं. आई, बायको, मी, आळीपाळीने.

रविवार, पहाटे 4.30. उरले 14 तास 40 मिनिटं

नदीचा आवाज घरापर्यंत येत होता. एरवी येत नाही.

मुलगा उठून आला. "बाबा, निमो वर येऊन तोंड का उघडतोय?" आमचा डोळा लागला होता आणि रवी अर्धा-पाऊण तास बंद होती. घुसळायला घेतलं. वीसेक मिनिटांनी मासे खाली गेले.

सकाळी 8.15. उरले 10 तास 55 मिनिटं

अमोनिया तपासला. नळीत थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं, रंग जुळवायचा. पिवळा म्हणजे शून्य, हिरवट झाला की अमोनिया. दारात उजेडाला धरून पाहिलं, पिवळा. इतका आनंद झाला की बायकोला हाक मारून दाखवला.

शेजारच्या वहिनी आल्या त्या वेगळीच बातमी घेऊन. जू-नांदखुरी गाव पाण्याने वेढलंय, माणसं अडकलीत. मी रवी खाली ठेवली. त्यानंतर तासभर टाकीकडे कुणी पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुपार. उरले पाच-सहा तास

जू-नांदखुरीच्या 58 माणसांना त्या दिवशी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढलं. ती माणसं सुखरूप आहेत हे कळलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. मी परत रवी हातात घेतली. माझे तळवे सोलवटले होते.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. आम्ही पाणी घुसळत होतो ते काचेच्या आतलं. टाकीखालच्या कपाटात एक बंद डबा होता, कॅनिस्टर फिल्टर. टाकीतलं पाणी नळीने त्यात उतरतं, स्पंज आणि सच्छिद्र सिरॅमिकच्या नळकांड्यांतून जातं, आणि पंप ते परत वर ढकलतो. जिवाणूंची सगळ्यात दाट वस्ती तिथेच. त्या वस्तीला माशांइतकाच श्वास लागतो. आणि पंप बंद म्हणजे त्या तीन-चार लिटर पाण्यात ताजा प्राणवायू येण्याची वाटच बंद. मी माशांची तोंडं मोजत होतो, डबा दाराआड होता.

संध्याकाळी 5.40. उरले दीड तास

वीज आली. आळीत मुलं ओरडली. पंप घुरघुरला, एक ढेकर दिल्यासारखा आवाज झाला आणि पाणी वाहू लागलं. मुलाने टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीत बसलो.

5.55. उरले सव्वा तास

फिल्टरच्या तोंडातून राखाडी, कणीदार पाणी येत होतं. साचलेला गाळ असेल, मिनिटभरात साफ होईल, असं वाटलं. मग वास आला. कुजक्या अंड्याचा.

समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. प्राणवायू संपला की त्यावर जगणारे वेगळे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कोंडलेल्या डब्यात जे मेलं होतं, जे सडलं होतं, ते पंपाने माझ्या डोळ्यांसमोर टाकीत रिकामं केलं. मी प्लग ओढला तेव्हा पंधरा मिनिटं होऊन गेली होती.

6.20. उरली 50 मिनिटं

नळीतला थेंब हिरवा, आणि गर्द. बदलायला तयार खारं पाणी होतं वीस लिटर. ते घातलं. पुन्हा घुसळायला घेतलं, दुसरं काय करणार? पण घुसळण्यालाही आता दुसरी बाजू होती. रात्रभर कोंडलेला कार्बन डायऑक्साइड उडाला की पाण्याचा पीएच चढतो, आणि पीएच एकाने चढला की अमोनियाचा विषारी वाटा दहापटीच्या जवळ जातो. प्राणवायू द्यावा तर विष वाढतं, न द्यावा तर जीव गुदमरतो. मी प्राणवायू दिला. आजही तेच करीन, फक्त तो डबा आधी अंगणात नेऊन, उघडून, खाऱ्या पाण्याने धुऊन मगच पंप लावीन.

7.10

डॅमसेल आधी गेला, मग लहान क्लाऊनफिश. मोठा खडकाच्या कपारीत एका कुशीवर पडून कल्ले हलवत होता. मुलगा काचेला नाक लावून बसला होता. कल्ले थांबले तेव्हा तो काही बोलला नाही, आत जाऊन आजीच्या मांडीवर आडवा झाला.

रात्री बॅटरीच्या उजेडात डबा उघडला. स्पंज काळा पडला होता. आईने रवी गोड्या पाण्याने धुऊन खुंटीला लावली.

सोमवारी नागपंचमी. सकाळी नळी पुन्हा तपासली, हिरवीच. खडक होता तिथेच ठेवला, पाणी निम्मं बदललं, मासा एकही नाही. मग पेन्सिल घेतली आणि कालनिर्णयवर 5 ऑगस्टच्या चौकटीत 1 लिहिला.