किती आले, किती उरले?

अंश ठाऊक आहे, पण छेद कोरा आहे, असा अपूर्णांक फळ्यावर मांडला, तर वर्गातील मुलगा लगेच विचारतो, "सर, खाली काय?" संगणकावर फाइल उतरवून घेताना पडद्यावर जी पट्टी भरत जाते, तिचा इतिहास म्हणजे या छेदाचाच शोध होय.

अमेरिकेत वॉर्ड ख्रिस्तेनसेन यांनी १९७७ साली टेलिफोनच्या तारेवरून फाइली धाडण्यासाठी एक्समोडेम नावाची पद्धती रचिली. तीत १२८ बाइटांचा एकेक तुकडा जाई. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असे, चूक ओळखण्यासाठी बेरीजही असे. पण तुकडे एकंदर किती, हे ती सांगत नसे. घेणाऱ्याने नुसते मोजीत बसावे! पुढे चक फोर्सबर्ग यांच्या वायमोडेममध्ये आरंभीच शून्य क्रमांकाचा तुकडा येऊ लागला. त्यात फाइलीचे नाव असे आणि लांबीही देता येई.

वाट पाहणाऱ्याच्या मनाचा विचार टोरांटो विद्यापीठातील ब्रॅड मायर्स यांनी केला. काम किती टक्के झाले हे दाखविण्याचे महत्त्व त्यांनी १९८५ साली एका निबंधात मांडले.

वेबवर छेद पुरविण्याचे काम 'कन्टेन्ट-लेंग्थ' या ओळीकडे आले. १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये ती नमूद आहे. परंतु १९९७ च्या १.१ आवृत्तीने एकूण लांबी न सांगता तुकड्यातुकड्यांनी मजकूर धाडण्याचीही मुभा दिली. म्हणूनच एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टच्या प्रगतिसूचनेत 'लोडेड' व 'टोटल' यांच्या जोडीला 'लेंग्थकम्प्यूटेबल' हा प्रश्न असतो: छेद आहे की नाही?

नव्या 'फेच'मध्ये आलेल्या बाइटांची बेरीज स्क्रिप्टनेच करावयाची. येथे एक फसगत आहे. मजकूर जीझिपने आवळलेला असेल, तर सांगितलेली लांबी आवळलेल्या गाठोड्याची, आणि हाती पडणारे बाइट मात्र सोडलेल्या गाठोड्याचे. मग पट्टी शंभरीही ओलांडते.

काही जण अशा वेळी पट्टी अंदाजाने नव्वदापर्यंत नेऊन तेथेच रोखतात. मला हे पसंत नाही. मोजून डेटा विकत घेणारा विद्यार्थी त्या पट्टीकडे पाहूनच थांबावे की सोडून द्यावे, हे ठरवीत असतो. त्यापेक्षा "आतापर्यंत ३ मेगाबाइट आले" एवढेच लिहावे. सर्व्हर आपल्या ताब्यात असेल, तर मूळ लांबी निराळ्या ओळीत धाडण्याची व्यवस्था करावी. म्हणजे छेद पुन्हा हाती येतो.