पॉकेट मास्क व फेस शील्ड
सीपीआर देताना तोंडाने श्वास भरणाऱ्याचा रुग्णाची लाळ, रक्त वा उलटी यांच्याशी थेट संपर्क टाळणारी साधने. फेस शील्ड म्हणजे मधोमध झडप किंवा गाळणी असलेला पातळ प्लास्टिकचा तुकडा. तो स्वस्त असतो, घडी करून किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवता येतो. पण चेहऱ्यावर घट्ट बसत नाही आणि रुग्णाचे नाक चिमटीत धरावेच लागते. पॉकेट मास्क नाक व तोंड दोन्ही झाकतो. त्याची मऊ, फुगीर कड चेहऱ्याला चिकटते आणि एकदिशा झडपेमुळे रुग्णाचा उच्छ्वास मदतनीसाकडे परतत नाही. काही मास्कना प्राणवायूची नळीही जोडता येते. परवडत असेल तर मास्कच घ्यावा. शील्ड हे काहीच नसण्यापेक्षा बरे, इतकेच. मास्क पारदर्शक हवा, कारण उलटी झाली तर ती लगेच दिसली पाहिजे. निमुळते टोक नाकाच्या मुळाशी येते. तान्ह्या बाळासाठी मोठा मास्क उलटा धरून चालवतात.

साधन हाताशी नसल्यास शोधाशोध करू नये. प्रौढाचे हृदय अचानक थांबले असेल, तर मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबत राहावे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये सामान्य नागरिकांसाठी श्वास न देता केवळ छाती दाबण्याची ही पद्धत पुरस्कारली. बुडालेला माणूस किंवा लहान मूल यांच्या बाबतीत मात्र मूळ अडचण बहुधा प्राणवायूचीच असते, म्हणून श्वास टाळू नयेत. एकटा मदतनीस ३० दाबांनंतर २ श्वास देतो. प्रत्येक श्वास सुमारे एक सेकंदाचा, छाती उचललेली दिसेल इतकाच. वापरलेली झडप फेकून द्यावी.