पोटनियमांची वही

आमच्या दोंडाईच्याची ओळख मिरचीच्या बाजाराने. बाजारात शब्दाला मोल असते. म्हणून एका छपराखालच्या बिऱ्हाडांचा कारभारही शब्दावरच चालावा, असे इथे पुष्कळांना वाटते. पाण्याचा पंप कधी लावायचा, वर्गणी किती, गाड्या कुठे उभ्या करायच्या, हे चार वडीलधाऱ्यांनी ठरवावे आणि इतरांनी माना डोलवाव्यात! मला मात्र अशा कामी लिहिलेली वहीच बरी वाटते. वाचकहो, त्या वहीचा इतिहासही मोठा मौजेचा आहे.

तिचा उगम शहरातल्या इमारतीत नाही. तो कर्जबाजारी शेतकऱ्याच्या ओसरीवर आहे. सावकारी पाश सैल व्हावा म्हणून १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९१२ च्या कायद्याने सहकाराला कर्जाखेरीज इतर कामांचीही वाट मोकळी केली. लगेच १९१५ साली मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. शेतकऱ्यासाठी काढलेली युक्ती अशी शहरातल्या बिऱ्हाडकरूच्या कामी आली. पुढे मुंबई प्रांताने १९२५ साली आणि महाराष्ट्राने १९६० साली स्वतःचा सहकार कायदा केला.

या कायद्याखाली संस्था नोंदवतानाच तिचे पोटनियम निबंधकाकडे द्यावे लागतात. ते बदलायचे तर सर्व सभासदांना आगाऊ सूचना हवी, त्यासाठी सभा हवी, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निदान दोन-तृतीयांशांचा कौल हवा. मग दोन महिन्यांच्या आत निबंधकाकडे अर्ज. एवढे करूनही, तिथे नोंद होईपर्यंत तो बदल अमलात येत नाही! १९७० च्या अपार्टमेंट कायद्याची रीत निराळी. तिथे पोटनियम इमारतीच्या घोषणापत्राला जोडलेले असतात. ते बदलायचे तर घोषणापत्रच दुरुस्त करून त्याची नोंद करावी लागते.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. तळमजल्यावर एकटी राहणारी म्हातारी डोळ्यांसमोर आणा. सभेत तिच्या बाजूने बोलणारे कोणी नाही. उद्या कोणी म्हणाले, “आजी, नियम बदलला, आजपासून दुप्पट वर्गणी,” तर ती शांतपणे म्हणू शकते, “दादा, वहीत दाखव.” मोठ्या आवाजाला उत्तर देण्याचे बळ तिला त्या वहीने दिले आहे.

आणि खरे पाहता, शब्दाचा पक्का व्यापारीही सौदा वहीत टिपतोच. लक्ष्मीपूजनाला ती वही पाटावर मांडतो. यंदा तिच्या शेजारी सोसायटीची ठरावांची वहीही ठेवावी, पण हळदकुंकू वाहण्यापूर्वी ती एकदा उघडून सर्वांनी वाचावी.