कोवळ्या वयातले मिशनरी

वांद्र्याच्या वर्गात आम्ही अव्वल इंग्रजी काळातील गद्य शिकवतो, तेव्हा ‘मिशनऱ्यांनी मराठी मुद्रणाला चालना दिली’ हे वाक्य विद्यार्थी निमूटपणे उतरवून घेतात. ती माणसे किती वयाची होती, हे कोणी विचारत नाही. आम्हीही कित्येक वर्षे सांगितले नाही.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईस उतरले. हॉल तेव्हा २८ वर्षांचा. अमेरिका आणि ब्रिटन यांचे युद्ध चालू असल्याने कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. दोघे गुपचूप जहाजाने निघाले. कोचीनहून त्यांना परत आणवण्यात आले. गव्हर्नर नेपियनकडे बरीच अर्जविनंती झाल्यावर राहू दिले. सहकारी सॅम्युअल न्यूवेल पुढे येऊन मिळाला, पण एकटाच. त्याची पत्नी हॅरिएट १८१२मध्येच मॉरिशसला वारली होती, वयाच्या १९व्या वर्षी. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली याच वयाच्या असतात.

मग मराठी शिकणे, बाजारात उभे राहून उपदेश करणे, शाळा काढणे. ऐकायला गर्दी जमे. बाप्तिस्मा घेणारा विरळाच. १८१७मध्ये छापखाना सुरू झाला. त्यांची मराठी अवघडलेली आहे आणि आपल्या देवदैवतांविषयीची तुच्छता आजही बोचते; त्यावर पांघरूण घालावे असे आम्हांस वाटत नाही.

नॉट आजारपणामुळे १८१५मध्ये परतला. न्यूवेल १८२१मध्ये पटकीने गेला. १८२५मध्ये हॉलने पत्नी-मुलांना अमेरिकेस पाठवले. पुढच्याच मार्चमध्ये नाशिकच्या फेरीवरून, पटकीच्या रोग्यांना औषधे देऊन परतताना, वाटेत त्यालाही तीच लागण झाली. वय ४१. मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.