पण तो सापडला कोणाला?

माझी सात वर्षांची भाची सध्या समुद्रातल्या राक्षसांनी झपाटलेली आहे. मोसासॉर, प्लेसिओसॉर, इक्थिओसॉर ही नावं तिला पाढ्यांपेक्षा जास्त पाठ आहेत. ‘मामा, हे डायनासोर नाहीत, समुद्रातले सरपटणारे प्राणी आहेत,’ असं मलाच दटावते. परवा इक्थिओसॉरचं चित्र पुढे करून तिनं विचारलं, “हा सापडला कोणाला?” मला सांगता येईना. म्हणून आजचा भाग.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचं गाव आहे. तिथले कडे म्हणजे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा, दगड झालेला समुद्रतळ. हिवाळ्यात वादळं आली की कडे ढासळतात आणि आतली जीवाश्मं उघडी पडतात. वेळेत उचलली नाहीत तर समुद्र घेऊन जातो. मेरी ॲनिंगचा जन्म इथलाच, १७९९ मधला. वडील सुतार. जोडीला ते पर्यटकांना जीवाश्मं विकायचे, मुलांनाही शोधायला न्यायचे. मुख्य माल अमोनाइटचा, म्हणजे आपल्या शाळिग्रामात चक्र दिसतं ना, त्याच जातकुळीतला. १८१० मध्ये वडील गेले आणि मागे कर्ज राहिलं. मग मुलीच्या छंदावरच घरची चूल पेटायला लागली.

१८११ मध्ये मेरीचा भाऊ जोसेफ याला सुमारे चार फुटांची कवटी सापडली. मोठाले डोळे, लांब जबडा, दातच दात. लोक म्हणाले, मगर असेल. पुढच्या वर्षी मेरीनं बाकीचा सांगाडा शोधला. वय फार तर तेरा! तो २३ पौंडांना विकला गेला आणि पुढे लंडनला पोचला. तिथे विद्वान चक्रावले. हा मासा, सरडा, की आणखी काही? एखादी जात पृथ्वीवरून कायमची नाहीशी होते, हेच तेव्हा अनेकांना पटत नव्हतं. १८१४ मध्ये एव्हरार्ड होम यांनी त्यावर निबंध लिहिला. त्यात मेरीचं नाव नाही.

१८२३ मध्ये तिला जवळजवळ अख्खा प्लेसिओसॉर मिळाला. मान इतकी लांब, की फ्रान्सच्या क्युव्हिए यांना तो बनावट वाटला. नंतर त्यांनी चूक मान्य केली. १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत कॉनिबेअर यांनी त्याचं वर्णन सादर केलं. तिथेही मेरीचा उल्लेख नाही. बायकांना त्या संस्थेचं सभासदत्व मिळालं १९१९ मध्ये. मेरी १८४७ मध्येच गेली होती. शाळा जेमतेम शिकलेली ही बाई शोधनिबंध हातानं उतरवून घ्यायची, मासे चिरून हाडांची रचना समजून घ्यायची. ती नुसती ‘दगड विकणारी’ नव्हती.

हे वाचताना मला जरा टोचलं. आमच्याकडे कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद राहते. तरी गेल्या वर्षी एका डेमोत, ज्युनिअरनं रात्रभर बसून शोधलेला बग मी ‘आम्ही शोधला’ म्हणून सांगितला. ती तिथेच बसली होती. काही बोलली नाही. या सोमवारी मी टीमसमोर तिचं नाव घेतलं. उशिरा, पण घेतलं.

भाचीला सगळी गोष्ट सांगितली. तिनं पेन्सिल घेतली आणि चित्राखाली लिहिलं: ‘जोसेफला डोकं सापडलं. बाकी सगळा मेरीला.’

भेटू पुढच्या भागात!